सॉफ्ट मशीनचा ‘थर्ड’ कसा ऐकावा?

शंकासूर:
पिंक फ्लॉइड आणि जेथ्रो टल मी आवडीने ऐकतो. सॉफ्ट मशीन या ब्रिटिश जॅझ-रॉक बँडचा १९७० सालचा ‘थर्ड’ हा अल्बम मात्र मला अजून दाद देत नाही. दोन तबकड्या, चार बाजू आणि प्रत्येक बाजूवर अठरा-एकोणीस मिनिटांची एकच रचना! पहिल्याच ‘फेसलिफ्ट’मधील ऑर्गनचा कर्कशपणा सोसवत नाही. जॅझचा कान नसलेल्याने यात काय ऐकावे?

खर्ज:
आपण पहिल्या बाजूपासून सुरुवात करू नये. ‘फेसलिफ्ट’ मैफलींच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून सिद्ध झाले आहे, त्यामुळे त्याचा खरखरीत आवाज नवख्या श्रोत्याला दूर लोटतो. त्याऐवजी दुसऱ्या बाजूवरील ‘स्लाइटली ऑल द टाइम’ लावावे आणि पहिल्या खेपेस केवळ ह्यू हॉपर यांच्या बास गिटारचा माग धरावा. त्या बासच्या भरवशावर एल्टन डीन यांचा सॅक्सोफोन मोकळा फिरतो आणि मात्रा विषम असूनही लय कोठे अडखळत नाही. अखेरीस ‘बॅकवर्ड्‌स’ ही संथ, हळवी सुरावट येते. कॅरव्हान या बँडने ती १९७३ मध्ये आपल्या अल्बममध्ये घेतली, परंतु आधीची दहा-बारा मिनिटे ऐकून तिच्यापाशी पोहोचण्याचे सुख मला येथेच मिळते.

रातराणी:
कर्कशपणामागचे कारण कळले, तर तोच आवडू लागेल. बँडचे ऑर्गनवादक माइक रॅटलेज आपला लाउरी ऑर्गन फझमधून, म्हणजे सूर खरखरीत करणाऱ्या उपकरणातून वाजवत. पट्ट्यांवरून बोटे उचलताच फीडबॅकची (स्पीकरचा आवाज पुन्हा यंत्रणेत शिरून होणारी) शिटी घुमू लागे, म्हणून ते सूर तुटू न देता लांबलचक ताना घेत. या बँडची ओळख ठरलेले ते अखंड वादन असे अडचणीतून घडले.

सुरुवात मात्र मी ‘मून इन जून’पासून करण्यास सांगेन. अल्बममधील शब्द असलेले हे एकमेव गीत बँडचे ड्रमवादक रॉबर्ट वायट यांनी रचले आणि गायले असून पूर्वार्धातील जवळजवळ सर्व वाद्येही त्यांनी स्वतःच वाजवली आहेत. त्यांचा पातळ, निरागस आवाज आपल्याला अलगद उत्तरार्धातील वादनापर्यंत नेतो.

खर्ज:
गाण्याची सवय असलेल्यासाठी रातराणी यांची वाट अधिक सोपी आहे, हे मान्य. चौथ्या बाजूविषयी एवढेच सांगतो, की ‘आउट-ब्लडी-रेजस’च्या आरंभीचे टेप लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे ध्वनिफितीचे तुकडे) कंटाळून पुढे ढकलू नयेत. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्या संगीताचा ठसा असलेले ते तरंग एकमेकांवर साचत जातात आणि सुमारे पाच मिनिटांनी ड्रम्ससह सारा ताफा आत येतो, तेव्हा त्या प्रतीक्षेमुळेच त्याचा जोर दुप्पट भासतो.