मेंढराचा वाण की जात?

प्रश्न : आपल्याकडच्या मेंढ्यांचं मूळ जनुकांवरून कसं शोधतात, यावर लेख लिहितेय. त्यात 'दख्खनी वाण' असं लिहिलं होतं. जत तालुक्यातल्या मामांनी ते खोडलं. म्हणाले, "वाण बियाण्याचा. मेंढराची जात असते." बरोबर काय?

प्रतिसाद : ताई, मामांचं ऐका. 'वाण' आला 'वर्ण'वरून, म्हणजे मुळात रंग. (संक्रांतीचं वाण वेगळं.) 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' यात ढवळा पांढरा, पवळा तांबूस. पुढे पिकांच्या बाबतीत 'प्रकार' हा अर्थ रुळला. जनावराला जात, आणि पैदाशीचा विषय निघाला की अवलाद. माणसाला म्हटलं तर शिवी, पण 'चांगल्या अवलादीचा मेंढा' हे कौतुकच.

तुमच्या विषयात तर हा फरक जपायलाच हवा, कारण रंगरूपावरून मूळ कळत नाही. सुंदरबनातली गारोल मेंढी अगदी ठेंगणी. ऑस्ट्रेलियातली लोकरीनं भरलेली बुरूला मेरिनो तिच्याशेजारी उभी केली, तर कुणी नातं लावणार नाही. पण एका वेताला दोन-तीन कोकरं देण्याचा गुण दोघींत एकाच जनुकामुळे आलाय. त्याचं नाव फेकबी. १७९२-९३ मध्ये बंगालच्या मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. २००१ मध्ये जनुकातला नेमका बदल सापडला, मग दोन्हीकडच्या मेंढ्यांची रक्तं तपासून धागा जुळला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तेच जनुक गारोलकडून आपल्या दख्खनीत आणलं. मात्र एक जनुक जुळलं म्हणजे सगळी अवलाद एक, असं लिहू नका.

दुसरा प्रतिसाद : 'जनुक'च्या जागी 'गुणसूत्र'ही नको, बातम्यांत ही चूक सर्रास दिसते. गुणसूत्र म्हणजे अनेक जनुकं वाहणारा धागा. फेकबी हे जनुक, ते मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर असतं. आणि मायटोकाँड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) डीएनए फक्त आईकडून येतो. त्यावरून शोधलेल्या मुळाला 'मातृकुळी' म्हणा. 'वंशावळ' म्हटलं की नावानिशी पिढ्या सांगाव्या लागतात, त्या इथे कुठून आणणार?

प्रश्नकर्ती : 'मातृकुळी' घेतला. मामांच्या वाड्यावरच्या माडग्याळ मेंढ्या उंच, बाकदार नाकाच्या, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. त्यांचं वर्णन लेखात आहेच. तिथेही 'वाण' होता, आता वाक्य असं केलंय : 'माडग्याळ जातीची मातृकुळी शोधताना नाकाकडे नाही, रक्ताकडे पाहावं लागतं.'