'बाऊ झाला' आणि 'बाऊ केला'

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. गुडघा खरचटला तरी 'बाऊ', डोळ्यात कण गेला तरी 'बाऊ', पोट दुखलं तरी 'बाऊ'. 'बाऊ करणे' मधला बाऊ हाच का? आणि तिला याहून नेमके शब्द कधीपासून शिकवावेत?

प्रतिसाद : वापरात दोन्ही वेगळे. मुलांना भीती घालायचा बागुलबुवा तो बाऊ. त्यावरून एखादी गोष्ट आहे त्याहून भयंकर करून सांगणं म्हणजे 'बाऊ करणे'. बाळबोलीतला बाऊ म्हणजे लागलेलं, दुखलेलं. मूल 'बाऊ झाला' म्हणत येतं आणि आपण 'एवढ्याशाचा बाऊ करू नकोस' म्हणतो, हे मला फार खटकतं. 'काही नाही झालं' हेही तसलंच. त्याला झालेलं असतं! 'लागलं ना? बघू कुठे' एवढं म्हणावं, मग हवं तर लक्ष दुसरीकडे वळवावं.

प्रतिसाद : शब्द आत्तापासूनच द्या, मात्र जे दुखतंय त्याच्यासोबत. खरचटलेलं चुरचुरतं, त्यावर औषध झोंबतं. डोळ्यात कण खुपतो, रुतलेला काटा सलतो, कान ठणकतो, पिकलेलं गळू ठसठसतं. 'कळ' तर जरूर शिकवा. कळ येते आणि ओसरते, त्यामुळे पोट धरून वाकलेलं मूल थोड्या वेळाने खेळू लागलं तर ते नाटक समजू नये. कळा पुन्हा पुन्हा येत असतील तर डॉक्टरांना दाखवावं. (या वयात 'पोट दुखतं' चा अर्थ घसा दुखतो, शी लागली, भीती वाटते, काहीही असू शकतो. बोट लावून दाखवायला सांगा.)

प्रतिसाद : शब्दच नसतील तेव्हा अंग बघायचं. लहान मुलांचं दुखणं जोखायची 'फ्लॅक' (FLACC) नावाची मोजपट्टी 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होणं, प्रत्येकाला 0 ते 2 गुण, एकूण 10. शेवटचा निकष घरीही उपयोगी आहे : नेहमी कडेवर घेतल्यावर थांबणारं रडणं आज थांबत नाही, तर काहीतरी दुखतंय असं धरून चालावं. टाहो फोडणाऱ्या मुलाकडे सगळे धावतात. मला जास्त काळजी मलूल मुलाची वाटते. खेळत नाही, एक पाय टेकवत नाही, पण तक्रारही नाही. 'शहाण्यासारखं बसलंय' असं म्हणण्याआधी त्याचा पाय तपासा.