वीजदराच्या जाहीर सुनावणीत बोलायचंय, पण नेमकं काय बोलू?

माणदेशी_गिरणी

मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

मी माण तालुक्यातला. घरची पिठाची गिरणी आणि मिरची-कांडप, शिवाय थोडं रान आणि विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर. गिरणीला मीटर आहे. मोटरीला नाही, तिचं बिल अश्वशक्तीवर निघतं. मागच्या खेपेला वीज कंपनीनं राज्याच्या वीज नियामक आयोगाकडे (दर तोच ठरवतो) केलेल्या दरवाढीच्या अर्जाची नोटीस पेपरात आली होती, ती मी कापून पिठाच्या हिशेबाच्या वहीत ठेवली. सूचना-हरकती पाठवा, सुनावणीला या, असं त्यात छापलेलं. मी गेलो नाही. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्यांपैकी ज्याला विचारलं त्यानं एकच सांगितलं, "ते वर आधीच ठरलेलं असतं, तू कशाला एसटीचं तिकीट घालवतो?"

पण अर्ज मात्र वाचला. म्हणजे मराठी सारांश पूर्ण वाचला आणि इंग्रजी गठ्ठ्यातले तक्ते चाळले. त्यात मीटर नसलेल्या शेतीपंपांचा वापर अंदाजानं धरलाय. ते बघून आमच्या आबांची आठवण झाली. आबा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या चौकटीत मोटर किती तास चालली ते लिहितात. "४ रा." म्हणजे रात्री चार तास. डीपी (वस्तीचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की चौकटीत फुली. विहिरीनं तळ गाठला की फक्त आडवी रेघ, गेल्या साली ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झाली आणि थेट पावसापर्यंत गेली. बारा पानं काढून बेरीज केली तर वर्षाचे ६१० तास भरले. पाच अश्वशक्ती गुणिले ०.७४६ म्हणजे ३.७३ किलोवॅट, गुणिले ६१०, म्हणजे साधारण २,२७५ युनिट. अश्वशक्तीमागं ४५५. अर्जातल्या अंदाजाशी हे काही जुळेना, तिथं आकडा बराच मोठा आहे.

आता पुढच्या सुनावणीला पुण्याला जायचं मनात आहे. गिरणीच्या वाढीव बिलाचं बोलू की या तासांचं? वकील लागतो का? आणि गावातले म्हणतात की २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरींचं बिल सरकार भरतंय, मग तुला त्या आकड्याचं काय पडलंय? याला मला धड उत्तर देता आलं नाही.

कट्टेकरी

जाऊ नका. मी एकदा गेलो होतो. दिवसभर बसलो, दुपारी नाव पुकारलं, पाच मिनिटं बोललो, सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढं दर वाढायचे ते वाढलेच. जाहीर सुनावणी म्हणजे लग्नातली "कुणाची हरकत?" Hall रिकामा असो की भरलेला, अक्षता पडायच्या त्या पडतातच.

पोलवरचा_म्हातारा

कट्टेकरी, तू काय बोललास ते नाही सांगितलंस. मी सांगतो मी काय बोललो होतो. वीज खात्यात चौतीस वर्षं खांबावर काढली, निवृत्त झाल्यावर पहिल्या सुनावणीला गेलो. वाटलं, आपल्याइतकं यातलं कुणाला कळतंय. उभा राहिलो आणि सुरू झालो: आमच्या वस्तीची डीपी किती वेळा जळाली, बिल कसं चुकीचं आलं, फोन कसा कुणी उचलत नाही. समोरच्या सदस्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "काका, हे तक्रार निवारण मंचाचं काम आहे. अर्जाबद्दल काही आहे का?" अर्ज मी वाचलाच नव्हता. घरी येईपर्यंत कान गरम होते.

दुसऱ्या वेळी एकच आकडा घेऊन गेलो. तेही लेखी. आदेश आला तेव्हा त्यात माझं म्हणणं दोन ओळींत होतं, त्याखाली कंपनीचं उत्तर, त्याखाली आयोगाचं मत. मत माझ्या बाजूचं नव्हतं. पण कंपनीनं काय उत्तर दिलं ते छापून आलं, आणि पुढच्या वर्षी तेच उत्तर मी तिच्यासमोर धरलं. तेव्हा मात्र त्यांना जास्त कागद काढावे लागले. उपयोग म्हणतोस तो हा. दर कमी करून आणलास असं कुणी तुझी मिरवणूक काढणार नाही.

आता तुझ्या तासांकडे येतो. गिरणीवाला आहेस, घट म्हणजे काय ते तुला शिकवायला नको. फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर, शंभर युनिट सोडली आणि मीटरांवर साठ सापडली. उरली चाळीस. त्यातली तारांत गेली किती, तारेवर आकडे टाकून चोरीला गेली किती आणि बिनमीटरच्या मोटरींनी ओढली किती, हे उपकेंद्रात बसून दिसत नाही. मोटरींच्या नावावर तीस लिहिली तर गळती दहाच उरते. मोटरींच्या नावावर पंधरा लिहिली तर गळती पंचवीस होते. वीज तेवढीच, तारा त्याच. म्हणून शेतीच्या त्या एका अंदाजावर बाकीचा सगळा डोलारा उभा असतो. शेतकऱ्याला फुकट्या म्हणणारे आणि कंपनीची पाठ थोपटणारे, दोघेही तोच आकडा वापरतात.

हे मी मनचं सांगत नाही. राज्याचा वीज नियामक आयोग १९९९ च्या ऑगस्टमध्ये आला आणि मे २००० मध्ये त्याचा पहिला दरआदेश निघाला. तोवर वीज मंडळ गळती अठरा टक्क्यांच्या आसपास सांगायचं. त्या पहिल्या सुनावणीत पुण्याच्या प्रयाससारख्या संस्थांनी आणि बऱ्याच ग्राहकांनी याच शेतीच्या आकड्यावर बोट ठेवलं. एकही तार न बदलता गळती तिशीच्या पुढं निघाली. मार्च २०२० च्या आदेशाच्या वेळीही आयोगानं फीडरच्या नोंदी धरून शेतीचा वापर नव्यानं काढला आणि गळती पुन्हा वर गेली. म्हणजे तुझ्या आबांच्या चौकटीतला विषय पंचवीसएक वर्षं जुना आहे, अजून मिटलेला नाही.

बिल सरकार भरतंय म्हणणाऱ्यांना सांग, म्हणूनच पडलंय. आधी निदान शेतकरी बिल बघून ओरडायचा. आता शेतकऱ्याला बिल शून्य आणि सरकारी तिजोरी अंदाजावर पैसे मोजणार. बघणारा कुणीच उरला नाही.

पण तुझ्या हिशेबात एक चूक आहे, ती इथंच दुरुस्त कर, नाहीतर कंपनीचा इंजिनिअर भर सभेत करेल. मोटरीवरची पाच अश्वशक्ती ही तिच्या दांड्यावर मिळणारी ताकद. तारेतून ती त्याहून जास्त ओढते. मोटर चांगली असेल तर कार्यक्षमता ८५ टक्के धर. ३.७३ भागिले ०.८५ म्हणजे ४.३९ किलोवॅट. गुणिले ६१०, म्हणजे जवळपास २,६८०. अश्वशक्तीमागं ५३५ च्या आसपास. रिवाइंडिंग झालेली जुनी मोटर असेल तर अजून वर जाईल. स्वतःहून वाढवून सांग. स्वतःच्या विरुद्ध जाणारा आकडा आधी सांगणाऱ्याचं पुढचं लोक नीट ऐकतात.

आणि एका मोटरीवर राज्याचा हिशेब पाडता येत नाही, हेही तूच म्हण. तुझी मागणी एवढीच ठेव: आमच्या शेती फीडरची उपकेंद्रातल्या मीटरवरची वर्षाची युनिटं किती, त्या फीडरवर जोडलेली अश्वशक्ती किती, आणि त्यांचा भागाकार अर्जात धरलेल्या आकड्याशी का जुळत नाही.

वसुधा_ता

काकांनी गाभा सांगितला, मी कागदोपत्री बाजू सांगते. मी एका ग्राहक संस्थेसाठी असे अर्ज वाचते. डोळे जातात, पण सवय होते.

वकील लागत नाही आणि मराठीत लिहिलं-बोललं तरी चालतं. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे आयोगानं लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेऊनच १२० दिवसांच्या आत आदेश द्यायचा असतो. त्यामुळे "हे नुसतं नाटक असतं" असं म्हणणाऱ्यांशी मी अर्धीच सहमत आहे. नाटक असेलही, पण तुमचा प्रवेश संहितेत लिहिलेला आहे. त्याच्या आधीच्या कायद्याखालीही दर ठरवताना ग्राहकाला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये कलकत्त्याच्या वीज कंपनीच्या प्रकरणात म्हटलं होतं. आदेश पटला नाही तर कलम १११ खाली ४५ दिवसांत दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. अर्थात तिथला खर्च गिरणीवाल्याला झेपणारा नाही, ते काम संस्थांचं. कलम ९४ खाली आयोग अशा संस्थांना ग्राहक प्रतिनिधी म्हणून नेमू शकतो, त्यांना तुमचा कागद आधी पाठवलात तर त्या तो पुढे रेटतात.

तुमच्या मुद्द्यासाठी कलम ५५ जरूर लिहा. कायदा जून २००३ ला लागू झाला, तेव्हापासून दोन वर्षांनंतर मीटरशिवाय वीज द्यायची नाही असं त्यात आहे. मुदत वाढवून द्यायचा अधिकार आयोगाला आहे, म्हणून हे असं चालू राहिलं. "मीटर का नाही" यापेक्षा "मीटर बसवण्याचा कार्यक्रम किती झाला, उरलेला कधी" असं विचारा. पहिल्याला भाषण मिळतं, दुसऱ्याला आकडा द्यावा लागतो.

गिरणीचं बिल वेगळं ठेवा. रीडिंग चुकलं असेल तर मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. बिलातलं वीज शुल्क जास्त वाटत असेल तर ते राज्य सरकार लावतं, आयोगाच्या हातात नाही, तिथं त्यावर मिनिट घालवू नका. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार यावर मात्र जरूर बोला, ते तिथंच ठरतात.

एक मात्र मनात सलतं ते सांगते. दरवाढीच्या सुनावणीला लोक येतात, पण दरातला सर्वात मोठा वाटा वीज खरेदीचा असतो, आणि ती खरेदी वीस-पंचवीस वर्षांच्या करारांनी आधीच बांधलेली असते. प्रकल्पातून वीज घेतली नाही तरी त्याचा स्थिर खर्च द्यावा लागतो. त्या करारांना मंजुरी द्यायचं प्रकरण आयोगापुढे येतं तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ चा, तेव्हा तर आयोगच नव्हता. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ ला सुरू झाला, २००१ ला बंद पडला, आणि त्याच वर्षी त्याच्या आढाव्याला गोडबोले समिती बसली, सगळं होऊन गेल्यावर. आज विचारायची जागा आहे तर आपण फक्त बिलाच्या दिवशी जागे होतो.

आणि आदेश निघाला म्हणून पेपर मिटवू नका. २८ मार्च २०२५ ला दरआदेश निघाला, थोड्याच दिवसांत त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला सुधारित आदेश आला. लोकांना वाटलं होतं प्रकरण मार्चमध्येच संपलं.

कट्टेकरी

वसुधाताई, मान्य. मीही डीपीवरच बोललो होतो, काका बरोबर ओळखून आहेत. तरी माझं एक मत कायम आहे: कामाच्या दिवशी, जिल्ह्याबाहेर, सकाळी साडेदहाला सुनावणी ठेवली की रोजंदारीवाला येत नाही आणि तोच सगळ्यात जास्त भरडला जातो.

माणदेशी_गिरणी

काका, ताई, खूप आभार. काल संध्याकाळी मोटर बघितली. पाटीवरचे आकडे गंजून गेलेत, पण रिवाइंडिंग दोनदा झालंय हे आबांना तारखेसकट पाठ आहे. हिशेब २,६८० वरच धरतो आणि "याहून थोडा जास्त असू शकतो" असं लिहितो.

उपकेंद्रात गेलो होतो. तिथल्या ऑपरेटरनं फीडरचं रजिस्टर दाखवलं, पण लिहून देत नाही म्हणाला, वरून परवानगी आणा. आता काय करू? आणि आमच्या आळीतले अजून सहाजण तास लिहायला तयार झालेत, त्यातला एक उसवाला आहे, त्याचे तास आमच्या तिप्पट येतील. त्याला घेऊ की नको?

पोलवरचा_म्हातारा

उसवाल्याला आधी घे. त्याला वगळलंस तर तुझ्या कागदाला किंमत नाही.

ऑपरेटरला त्रास देऊ नको, त्याची नोकरी आहे. माहिती अधिकारात अर्ज टाक, कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात. गावाचं नाव लिहू नको, फीडरचं नाव लिही, ते त्या रजिस्टरच्या पानावर वर असतं, तू पाहिलं असशीलच. बारा महिन्यांची मासिक युनिटं आणि जोडलेली अश्वशक्ती, दोनच गोष्टी माग. तिसरी मागितलीस की पहिल्या दोन लांबतात.

माणदेशी_गिरणी

फीडरचं नाव पाहिलं होतं. अर्ज उद्या टाकतो, उद्या आठवडी बाजार आहे, तसंही दहिवडीला जायचंच आहे.