खोलीत निरांजन लावता येत नाही. रोजची पूजा कशी चालू ठेवता?

पहिलंसत्र

सप्टेंबरात एमएस्सीसाठी ग्लासगोला आले. निघताना आजीने तिच्या देवघरातला बाळकृष्ण हातात ठेवला. अंगठ्याएवढा, पितळी, वर्षानुवर्षं पुसून पुसून त्याचं नाक गुळगुळीत झालंय. टेबलावर लॅपटॉपच्या मागे ताम्हनात तो बसलाय. बारा वर्षांची असल्यापासून मी रोज पूजा करते आणि ती झाल्याशिवाय मला दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही.

गेल्या गुरुवारी पहाटे सहाला निरांजन आणि एकच उदबत्ती लावली. गंध लावून होईपर्यंत छतावरचा स्मोक डिटेक्टर बोंबलायला लागला आणि अख्खी इमारत खाली रस्त्यावर. पाऊस चालू, लोक ब्लँकेटं गुंडाळून उभे. एका मुलीच्या केसांत शॅम्पूचा फेस तसाच होता, ती थरथरत होती. माझ्या स्वेटरला उदबत्तीचा वास येत होता. वर बघायची हिंमत झाली नाही. दुपारी वसतिगृहाकडून लेखी ताकीद आली: खोलीत कसलीही ज्योत नको, मेणबत्तीसुद्धा नको. नियम योग्यच आहे, शेकडो मुलं झोपलेली असतात. पण तेव्हापासून पूजा बंद आहे. नुसते हात जोडते आणि पळते. त्याच्याकडे पाठ करून दार ओढून घेताना पोटात तुटतं.

आणखी दोन गोष्टी. एकादशी आई बुधवारी सांगते, इथलं पंचांग मंगळवारी दाखवतं. कुठली धरायची? आणि संकल्पात "भरतवर्षे भरतखंडे... गोदावर्या दक्षिणे तीरे" म्हणताना जीभ अडते. देवासमोर बसून खोटा पत्ता सांगतेय असं वाटतं.

उगाळलेलंचंदन

मी इथे सहा वर्षं आहे, पीएचडी संपत आली. तुझं वाचून पहिला हिवाळा आठवला, म्हणून सविस्तर लिहितो.

पूजा सांगताना गुरुजी काय म्हणतात ते आठव. वस्त्र नसेल तर "वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि". अलंकार कोणाकडे असतात? तिथेही अक्षता. म्हणजे जे जवळ नाही त्याची सोय पूजेतच करून ठेवलेली आहे, आणि ती घरोघरी रोज वापरली जाते. मग "दीपार्थे अक्षतान् समर्पयामि" म्हणताना चोरट्यासारखं का वाटावं? बॅटरीचा दिवा मीही आणला होता, पण माझं मन त्यात रमलं नाही. तुझं रमलं तर जरूर लाव. उदबत्तीऐवजी मात्र छोटी सहाण आणि चंदनाचं खोड मागवून घे. पाच मिनिटं उगाळलंस की खोलीभर वास येतो आणि धूर नाही. उगाळताना मनही जागेवर येतं, हा माझा रोजचा अनुभव आहे. खऱ्या ज्योतीची ओढ लागली की ला बेल प्लेसच्या मंदिरात आरतीला जा.

एकादशीचं: आई आणि पंचांग दोघंही बरोबर. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी होते. ती सगळ्या जगात एकाच क्षणी लागते. पण दिवसाची तिथी ठरते तिथल्या सूर्योदयावरून. समज एकादशी भारतात मंगळवारी सकाळी 7 ला लागली आणि बुधवारी सकाळी 7 ला संपली. मंगळवारचा सूर्योदय होऊन गेलेला, म्हणून तिकडे बुधवार. आपण हिवाळ्यात साडेपाच तास मागे, म्हणजे इथे ती मंगळवार उजाडण्याआधी, पहाटे दीडलाच लागलेली असते आणि बुधवारी पहाटे दीडला संपते. इथे मंगळवारच्या सूर्योदयाला एकादशी, बुधवारच्या सूर्योदयाला द्वादशी. स्मार्त-भागवत हा एकादशी धरण्याच्या दोन परंपरांमधला भेद वेगळा, तो तुमच्या घरी जो असेल तो. राहतेस तिथला सूर्य धर. अर्घ्य देत असशील तर तयारी ठेव: डिसेंबरात तो पावणेनऊला उगवतो, जूनमध्ये साडेचारलाच.

किब्लाशोधक

ताई, मी पुस्तकी काही सांगत नाही, फक्त सोबत म्हणून लिहितोय. 2016 सालचा रमजान जूनमध्ये आला आणि माझं प्रबंधाचं काम तेव्हाच होतं. रोजा जवळजवळ 19 तासांचा. त्यात इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची पंचाईत. साधारण साडेअठ्ठेचाळीस अंशांच्या उत्तरेला ऐन उन्हाळ्यात संधिप्रकाश रात्रभर पुरता मावळतच नाही, आणि इशाची वेळ तर तो मावळण्यावरच ठरते. ग्लासगो जवळजवळ 56 वर. मी घाबरून सेंट्रल मशिदीत गेलो. तिथल्या एका वयस्कर चाचांनी शांतपणे वेळापत्रक हातात दिलं आणि म्हणाले, बेटा, तू काही इथला पहिला नाहीस, हा प्रश्न उलेमांनी, धर्मपंडितांनी केव्हाच सोडवलाय. त्या एका वाक्याने माझा उन्हाळा निभावला.

हिवाळा उलट. डिसेंबरात पावणेचारलाच मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज. त्यामुळे दुपारची जोहर, उतरत्या उन्हाची असर आणि मगरिब तिन्ही दुपारच्या लॅबमध्येच. मी पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शकबाईंना सांगितलं, दहा-दहा मिनिटं लागतील. त्यांनी विचारलं एवढंच, की सेंट्रीफ्यूज तेव्हा कोण बघणार? समोरच्या बाकावरच्या मुलीने बघितलं, दोन वर्षं. तुम्हीही शेजारच्या खोल्यांतल्या मुलींना सांगा, काय करत होता ते. त्या केसांत फेस असलेल्या मुलीला तर नक्की.

रविवारचीघंटा

विद्यापीठात चॅप्लेन्सी, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी प्रार्थनेची जागा असते, तिथे जाऊन शांत खोली मिळते का विचारा. मी ख्रिस्ती आहे, पण आमच्याकडे तिथे शीख, ज्यू, बौद्ध सगळी मुलं यायची. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात धर्म आणि श्रद्धा येतात, त्यामुळे सणाच्या दिवशी परीक्षा येत असेल तर सत्र सुरू होतानाच लेखी कळवा. तारीख बदलेलच असं नाही, पण ऐनवेळी सांगितलं तर कोणाला काही करताही येत नाही.

पहिलंसत्र

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या मुलीचं दार वाजवलं. ती तिसऱ्या मजल्यावर राहते. सगळं सांगितलं तर बाळकृष्ण बघायला आली आणि बूट बाहेर काढू का, असं तिनेच विचारलं.

@उगाळलेलंचंदन, संकल्पाचं राहिलं की दादा.

उगाळलेलंचंदन

खरंच राहिलं. संकल्पात देश-काळ सांगतात तो आपण आत्ता जिथे बसलोय तिथला. परदेशातले गुरुजी तिथल्या गावाचं, नदीचं नाव घालतात. तुझं वसतिगृह नदीच्या कुठल्या अंगाला?

पहिलंसत्र

उत्तरेला. आज सकाळी म्हटलं: क्लाइडनद्याः उत्तरे तीरे. जीभ अडली नाही.