अनुभव धागा : रंगांची पेटी आणि दारातलं कुत्रं

नमस्कार मंडळी. मी वरूड तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. 58 व्या वर्षी निवृत्त झाले. शाल-नारळ घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नेहमीसारखी जाग आली. डबा करायचा नव्हता, बस गाठायची नव्हती. अशीच अंथरुणात पडून राहिले. चार-पाच महिने असेच गेले. मुलगा पुण्याला, हे दिवसभर संत्र्याच्या बगीच्यात.

मग पावसाळ्यात रिकाम्या क्रेटखाली एक तांबूस पिल्लू येऊन बसलं, आणि त्याच दिवाळीत नात तिची जलरंगांची पेटी इथं विसरून गेली. तांबू आता चार वर्षांचा आहे आणि रंगांची तिसरी पेटी चालू आहे. सकाळी तो मला बांधावर घेऊन जातो. परत आले की अर्धा तास रंगवायचं, जे हाताला लागेल ते. मागचा सगळा आठवडा एकच संत्रं काढत होते. देठाकडं हिरवं, खाली पिवळं, ऊन लागलेल्या बाजूला केशरी. जन्म संत्र्यांत गेला, पण हिरव्यापासून केशरीपर्यंत जाताना मधे किती पिवळे लागतात ते आत्ता कळलं.

तुमच्यापैकी कुणाला निवृत्तीनंतर रंगांचा, मुक्या जनावराचा असा लळा लागला का? जरूर लिहा. चित्र कसं येतं, कुत्रं कोणत्या जातीचं, त्याला महत्त्व नाही. दिवस कसा जातो ते सांगा.

पुसद तालुका, निवृत्त चित्रकला शिक्षक

ताई, मी चित्रकलेचाच मास्तर. तीस वर्षं पोरांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवलं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. पोरांच्या रेषा दुरुस्त करता करता स्वतःसाठी एक चित्र काढायचं राहून गेलं. निवृत्तीनंतर मोठ्या हौसेनं कागद ताणला, तर हातातून काय उतरावं? मडकं, दोन फळं, मागं घड्या पडलेला पडदा. परीक्षेचा पेपर! वर्षभर त्यातून सुटका झाली नाही. मनाला फार लागलं होतं ते.

सोडवलं शेरूनं. गावठी आहे, पांढरा-पिवळा. तो मडक्यासारखा एका जागी बसत नाही. झोपला तरी कान जागे असतात. खोडरबराला वेळच मिळत नाही, म्हणून चुलीतला कोळसा घेऊन एका दमात पाठीची रेघ मारायला लागलो. पहिल्या शंभरेक कागदांत कुत्रं कुठं दिसलं नाही. मग एका दुपारी मानेपासून शेपटीपर्यंतची रेघ जशी पाहिजे तशी आली. तो कागद मी देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात जलरंग करणाऱ्यांसाठी एक सांगतो. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा पातळ रंगाचा हात कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत अलीकडचा वाळून जातो आणि मधे वाळल्या रंगाची कड उमटते. कागद दोन्ही बाजूंनी ओला करा, खाली ओला टॉवेल घाला आणि सात वाजायच्या आत उरका.

आणखी एक. फाल्गुनात आमच्या टेकडीवर पळस पेटतो तेव्हा शेरूला घेऊन रोज तिकडं जातो. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की कुत्र्याला निळा आणि पिवळा वेगळे कळतात, लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. त्या रात्री झोप येईना. मी ज्या रंगासाठी टेकडी चढतो तो याला दिसतच नाही, तरी हा रोज माझ्या पुढं पळतो. दुसऱ्या दिवशी अख्खा पळस फक्त निळ्या-पिवळ्यात रंगवला. शेरूला दिसत असेल तसा.

सेलू तालुका, जिल्हा वर्धा, निवृत्त एसटी चालक

माझी चित्रकला कागदावर नाही, लाकडावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा असतो, लहान पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. नातवाच्या बैलाचा रंग उडाला होता म्हणून एक रंगवला. मग शेजारचा आला, मग त्याच्या शेजारचा. यंदा चौदा बैल झाले. मी कुणाकडून पैसे घेत नाही.

आधी जुना रंग पॉलिश पेपरनं खरवडायचा, खडूच्या भुकटीत फेविकॉल कालवून भेगा भरायच्या, वाळलं की पुन्हा घासायचं. मग पांढरा हात, झूल, शिंगं, घुंगरमाळ. डोळे सगळ्यात शेवटी. डोळा काढला की बैल आपल्याकडं बघतो, त्यानंतर ब्रश लावावासा वाटत नाही. आमचं कुत्रं वाघ्या तेवढा वेळ पायाशी भुश्यात लोळत असतो. यंदा त्याची शेपटी ओल्या लाल शिंगावरून फिरली आणि झुलेवर फरकाटा उमटला. पुसणार होतो, पण नातू म्हणाला, "राहू द्या ना आबा, वाघ्यानं काढलं ते." त्याच फरकाट्याला मी पानं काढली.

कुत्र्याला ऑइलपेंट लागला तर टर्पेंटाइन चुकूनही लावू नका. कातडी भाजते, चाटलं तर पोटात जातं. गोडंतेल चोळा, मग साबण लावून धुवा.

गोंदिया जिल्हा, निवृत्त पोस्टमन

माझा कुत्रा काळू मागच्या आषाढात गेला. लिहू की नको, चार दिवस विचार करत होतो.

आमच्याकडं जुन्या जमीनदारांनी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत, धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं आहेत आणि नशिबानं सारसाची जोडी आहे. सायकलीवर टपाल वाटताना तीस वर्षं तलावाच्या त्याच पाळीवरून, म्हणजे बांधावरून, गेलो, पण उतरून कधी पाहिलं नाही. वेळच नसायचा. निवृत्तीनंतर काळू मला पहाटे तिथं न्यायला लागला. मी वहीत पेन्सिलनं पाणी, धान, मासे धरणारी माणसं काढायचो आणि तो पाठ माझ्या मांडीला लावून बसायचा. पावसाळ्यात सारस बांधीत जमिनीवर घरटं करतात, तेव्हा मात्र त्याला घरी बांधून जायचो. कुत्र्यापासून अंड्यांना धोका असतो. परत येईपर्यंत तो दाराकडं तोंड करून बसलेला असायचा.

आषाढात दोन दिवस त्यानं भाकर खाल्ली नाही. मला वाटलं हवा बदलली, होईल बरा. तिसऱ्या दिवशी ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. गोचिडाचा ताप होता. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. चूक माझी होती. मी त्याची शेकडो चित्रं काढली, पण कानाच्या आत कधी बघितलं नाही. तुम्ही बघा. कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. गोचीड हातानं चिरडू नका, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा.

आता त्या वहीवरून त्याला रंगात काढतोय. काळ्या ट्यूबनं काढला तर तो कोळशाचा ढीग दिसत होता. मग निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून पाहिला. त्यातून जो काळा झाला तो काळूचा होता. निळा जरा जास्त टाकला की पहाटेची पाठ, सिएना जास्त टाकला की उन्हातलं पोट. घरचे म्हणतात दुसरं पिल्लू आणा. अजून मन होत नाही. पाळीवरून चालताना मान आपोआप मागं वळते.

वरूडहून

दादा, तुमचं वाचलं आणि आधी उठून तांबूचे कान पाहून आले. डाव्या कानात दोन गोचीड निघाले. चार वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. काळूचं चित्र पूर्ण झालं की नक्की कळवा.

सिंदेवाही तालुका, जिल्हा चंद्रपूर

मी चित्र काढत नाही, फक्त वाचतोय. जंगलाला लागून गावं असलेल्यांनी कुत्रं रात्री अंगणात ठेवू नये. बिबट कुत्र्यासाठीच घरापर्यंत येतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यावी, पुढं दरवर्षी डॉक्टरांना विचारून.

तेल्हारा तालुका, अंगणवाडीत मदतनीस होत्या, नात लिहून देते आहे

मायाजवळ पेटी नाई. गेरू हाय, चुना हाय, निळीची पुडी हाय. दिवाई आली का भिताडाले चुना द्याचा, खाली गेरूचा पट्टा माराचा, हे तं सगळेच करतात. मी त्या पट्ट्यावर मोर काढतो, बैलबंडी काढतो. भुलाबाईच्या दिवसांत भुलोजी अन् भुलाबाई, म्हंजे शंकर-पार्वती, काढतो. आमचे हे गेले तवापासून घरात बोलाले कोनी नोतं. एक कुत्री ओट्यावर येऊन बसे, तिले अर्धी भाकर टाकू. आता थे माई गंगू हाय. मी भिताडापाशी बसली का थे पन बसते. मी तिले इचारतो, पाह्य वं, मोराचा पाय वाकडा झाला काय? पोट्टे म्हनतात आजी कुत्रीसंग बोलते. हो, बोलतो. दिवसभर बोलतो.

एक इचाराचं हाय. निया रंग पान्यानं उतरून जाते. त्यात डिंक किती टाकाचा?

सेलूहून

काकू, चुन्यात नीळ मिसळत असाल तर डिंक टाकूच नका, चुना स्वतःच धरून ठेवतो. भिंत आधी ओली करा, दोन पातळ हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा. नीळ पुडीतलीच घ्या, बाटलीतली पातळ नको. कागदावर काढायचं असेल तरच बाभळीचा डिंक. एक वाटी डिंकाला दोन वाट्या पाणी घालून रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, वर चार थेंब मध म्हणजे रंग वाळून तडकत नाही. आणि चुन्याची वाटी झाकून ठेवा, गंगूनं चाटली तर तोंड भाजेल.