रिफंड ‘प्रोसेस्ड’ दाखवतंय, कार्डावर मात्र काहीच नाही

ऐरोलीकर

मंडळी, 24,990 चा फ्रिज ऑनलाइन मागवला होता. बँक ऑफरचे 1,500 वजा, 2,000 गिफ्ट व्हाउचरमधून, उरलेले 21,490 क्रेडिट कार्डावर. 8 तारखेला येणार होता, मग 11 झाली, मग 15. ट्रॅकिंग भिवंडी हबवरून हलेना, म्हणून 15 ला ऑर्डर रद्द केली. व्हाउचरचे पैसे त्याच संध्याकाळी परत आले. कार्डाचा रिफंड 16 पासून ‘प्रोसेस्ड’ दाखवतोय, आज 27. कस्टमर केअर म्हणतं बँकेला विचारा, बँक म्हणते आमच्याकडे काही आलंच नाही. नेमकं कुणाच्या मागे लागायचं? आणि कार्डाचं बिल 5 तारखेला भरायचंय, ते थांबवलं तर चालेल का?

जमाखर्च

बिल थांबवू नका, पूर्ण भरा. रिफंड एक दिवस जरी उशिरा आला तरी व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात. नंतर आलेले 21,490 कार्डावर जमा दिसतील. पुढच्या बिलात वळते होतात किंवा बँकेला सांगून खात्यात घेता येतात.

आता मूळ प्रश्न. ‘प्रोसेस्ड’ या शब्दाला भुलू नका. त्याचा अर्थ एवढाच की दुकानाने त्यांच्या सिस्टिममध्ये बटण दाबलं. तिथून पैसा पेमेंट गेटवेकडे (दुकानासाठी ऑनलाइन पैसे हाताळणारी मधली कंपनी), गेटवेकडून त्यांच्या बँकेकडे, मग कार्ड नेटवर्कमार्फत तुमच्या बँकेकडे जातो. व्हाउचर त्यांचं स्वतःचं असतं म्हणून लगेच परत आलं, त्यावरून कार्डाचा अंदाज बांधता येत नाही. कार्डाला साधारण 5 ते 7 कामाचे दिवस लागतात. तुमचे तेवढे होऊन गेलेत, म्हणजे आता विचारायची वेळ झाली.

विचारायचं ते एकच: एआरएन, म्हणजे रिफंड कुठवर पोचला ते शोधायचा नंबर. कार्डाच्या रिफंडला 23 अंकी एआरएन असतो, यूपीआयला 12 अंकी यूटीआर. तो नंबर नसेल तर पैसे अजून दुकानाच्याच बाजूला आहेत, बँकेला फोन करून उपयोग नाही. नंबर असेल तर बँकेच्या कार्ड विभागाला तो देऊन शोधायला सांगा. शाखेतल्या काउंटरवर जाऊ नका, त्यांना कार्डाचं बहुधा दिसतच नाही. चॅटवर किंवा मेलवर हे जसंच्या तसं टाका:

‘ऑर्डर क्र. अमुक, रद्द केल्याची तारीख 15, रक्कम 21,490. रिफंडचा एआरएन, तो पाठवल्याची तारीख आणि ज्या कार्डावर पाठवला त्याचे शेवटचे चार अंक लेखी कळवावेत.’

शेवटचे चार अंक मुद्दाम. मधल्या काळात कार्ड बदललेलं असेल तर रिफंड जुन्या नंबरवर जातो. खातं तेच असेल तर बँक तो नव्या कार्डाला जोडते, खातं बंद केलेलं असेल तर पैसे उलट फिरतात आणि मग खरी पायपीट.

ईएमआयवर घेतलं असेल तर आणखी एक गोची. रिफंड आला म्हणून ईएमआय आपोआप बंद होतोच असं नाही, बँकेला वेगळं कळवावं लागतं. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा 18 टक्के जीएसटी बहुतेक वेळा परत मिळत नाही.

पावती जपा

वरचं सगळं बरोबर. त्याला कायद्याची बाजू जोडतो, कारण कस्टमर केअरशी बोलताना हीच कामी येते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020. त्यातल्या नियम 6 नुसार, सांगितलेल्या तारखेपेक्षा माल उशिरा दिला तर विक्रेत्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही. पूर, वादळ अशा हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तरच सूट. नियम 4 मध्ये दोन कामाच्या गोष्टी आहेत: कंपनी स्वतः रद्द करताना जे शुल्क सोसत नाही ते तुमच्याकडून घेऊ शकत नाही, आणि मंजूर झालेला रिफंड वाजवी मुदतीत द्यावाच लागतो. ‘वाजवी’ म्हणजे किती दिवस ते मात्र तिथे लिहिलेलं नाही, म्हणून त्यांच्या स्वतःच्या रिफंड पानावर छापलेली मुदत पकडायची.

इथे बहुतेकांची चूक होते ती पुराव्यात. ॲप जुनी तारीख पुसून नवी दाखवतं. आज स्क्रीनशॉट काढलात तर फक्त 15 दिसेल. 8 तारीख सिद्ध होते ती ऑर्डरच्या पहिल्या मेलमधून किंवा एसएमएसमधून. तो शोधून वेगळा ठेवा.

मग ॲपच्या तळाशी ‘ग्रिव्हन्स ऑफिसर’ (तक्रार निवारण अधिकारी) आहे, तिथे लिहा. कस्टमर केअर वेगळं आणि हा वेगळा. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

‘सर, वॉलेटमध्ये लगेच देतो’ असं म्हणाले तर हो म्हणू नका. पैसे ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने परत यायला हवेत, दुसरीकडे वळवायला तुमची संमती लागते. एकदा हो म्हटलं की एआरएनचा विषयच संपला.

ऐरोलीकर

धन्यवाद दोघांना. पहिला मेल सापडला, 8 तारीख आहे त्यात. एक राहिलं: रद्द करूनही आज सकाळी डिलिव्हरीवाल्याचा फोन आला, ‘कॅन्सल करायला ओटीपी सांगा’ म्हणून. दिला नाही.

घणसोली सेक्टर 9

बरं केलंत. दारात सांगितलेला ओटीपी म्हणजे माल मिळाल्याची सही. तो दिला की ऑर्डर ‘डिलिव्हर्ड’ होते आणि रिफंडचा दावा उलटा फिरतो. ॲपवर आधीच रद्द झालेल्या ऑर्डरला डिलिव्हरीवाल्याला पुन्हा ओटीपी द्यायचं कारण नाही. नको असलेला माल दाराशी आलाच तर उघडू नका, ‘घ्यायला नकार’ अशी नोंद करायला सांगा आणि ट्रॅकिंगमध्ये ती दिसेपर्यंत सोडू नका. अशा मालाचा रिफंड बऱ्याचदा गोदामात परत स्कॅन झाल्यावरच सुटतो. तुमचा आधीच सुटलाय म्हणतात, तरी आजच्या फोनची वेळ आणि नंबर लिहून ठेवा.

आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, ॲपमधूनच फोन करा. रिफंडसाठी स्क्रीन शेअर करा किंवा यूपीआय पिन टाका म्हणणारा चोर. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसगत झालीच तर लगेच 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

पावती जपा

ग्रिव्हन्स ऑफिसरनेही टोलवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. व्हॉट्सॲपवर 8800001915. तक्रारीचा डॉकेट नंबर मिळतो. ते कोर्ट नाही, आदेश देत नाहीत, पण तक्रार कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत जाते आणि रिफंडची बरीच प्रकरणं तिथेच सुटतात.

समांतर बँकेकडे चार्जबॅक टाका, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत मागा. कारण लिहायचं: ‘माल मिळाला नाही, रद्द केला, रिफंड नाही’. मुदत साधारण 120 दिवसांची, पण हेल्पलाइनच्या उत्तराची वाट बघत ती घालवू नका.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार होते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की गुरुग्रामला, तुम्ही राहता तिथेच दाखल करता येते.

खारघरवाली

शेवटच्या वाक्यात एक ठेच आहे. ऐरोली, घणसोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल नवी मुंबई म्हणवतात पण जिल्हा रायगड, म्हणजे आयोग अलिबागचा. फॉर्ममध्ये पत्त्यात ‘नवी मुंबई’ आहे म्हणून ठाणे निवडलं तर हद्दीच्या मुद्द्यावर अडतं. आधार कार्डावरचा जिल्हा बघून निवडा.

ऐरोलीकर

एआरएन मागितला. उत्तर आलं, ‘रिफंड गेटवेकडे पेंडिंग’. म्हणजे बँक खरंच बोलत होती. ग्रिव्हन्स ऑफिसरला मेल टाकला, पोच आली की 1915 वर नोंदवतो. बिल भरतोय.