नांदेडहून पुण्याला यकृत: यूडब्ल्यू, एचटीके की मशीन?

समन्वयक_नांदेड
मेंदूमृत दात्याचं यकृत रस्त्याने पुण्याला न्यायचं, अंतर साधारण ४५० किमी. ग्रीन कॉरिडॉर धरूनही गाडीत सहा-सात तास. क्लॅम्प (रक्तपुरवठा बंद करणारा चिमटा) लागल्यापासून काढून बांधेपर्यंत एक तास, तिकडे बॅक टेबलवर, म्हणजे रोपणाआधी यकृत साफ करून तयार करायच्या टेबलावर, आणखी एक. मे महिन्यात बाहेर ४२ अंश. यकृत थंड साठवायचं द्रावण कोणतं घ्यावं, यूडब्ल्यू की एचटीके? मशीन परफ्युजनचा (यकृतातून यंत्राने द्रव फिरवत ठेवण्याचा) आपल्याला काही उपयोग आहे का?

बॅकटेबल
नऊ तास इथंच झाले, शिवायचा वेळ वेगळा. यूडब्ल्यूच घ्या. निरोगी यकृत त्यात बारा तासांपर्यंत तग धरतं. एचटीके पाण्यासारखं पातळ, भराभर धुऊन निघतं, पण लागतंही जास्त, आठ-दहा लिटर सहज. अमेरिकेतल्या नोंदींत आठ तासांपुढे ते मागे पडलेलं दिसलं.

यूडब्ल्यूची खोड म्हणजे पोटॅशियम, लिटरला सुमारे १२५ मिलिमोल. नव्या यकृतात रक्त सोडण्याआधी पोर्टल शिरेतून (आतड्याकडून यकृतात रक्त आणणारी शीर) अल्ब्युमिन किंवा रिंगर लॅक्टेटने धुतलं नाही, तर रुग्णाचं हृदय टेबलावरच थांबू शकतं. एचटीकेत पोटॅशियम दहाच्या आत.

पित्तनलिका मात्र काढतानाच धुवा. आत राहिलेलं पित्त तिचं अस्तर खातं.

अन् द्रावणावर खल करण्याआधी चरबी बघा. यकृताच्या पेशींत मोठ्या थेंबांची चरबी ३० टक्क्यांपुढे असेल, तर एवढा रस्ता नकोच. विमान बघा.

बर्फपेटी
उन्हापेक्षा जास्त नुकसान चुकीचा बर्फ करतो. पहिल्या पिशवीत यकृत द्रावणात पूर्ण बुडालेलं, हवा काढून गाठ. दुसरीत थंड सलाईन, तिसरी कोरडी. मग पेटीत, चारही बाजूंनी चुरा केलेला बर्फ. फ्रीझरमधून काढलेला बर्फ उणे १५-२० अंशांचा असतो. त्यात थोडं पाणी घाला, तो शून्यावर येतो. पिशवीत हवा राहिली तर यकृताची वरची बाजू द्रावणाबाहेर राहू शकते.

समन्वयक_नांदेड
लसीकरणाचे आइसपॅक चालतील का? तालुक्याला तेच हाताशी असतात.

बर्फपेटी
नाही. गोठलेला पॅक जिथे टेकेल तिथली ऊती गोठून मरते. कोरडा बर्फ तर उणे ७८ अंश, त्याचं नावच काढू नका.

परफ्युजन_डेस्क
मशीनबद्दल. तुमच्या अंतराला सोयीचं म्हणजे होप (थंड ऑक्सिजनयुक्त परफ्युजन): यकृत बर्फातच न्यायचं आणि पोहोचल्यावर ८ ते १२ अंशांवर, पोर्टल शिरेतून पाऱ्याच्या ३ मिमी दाबाने, ऑक्सिजनयुक्त द्रावण एक-दोन तास फिरवायचं. थंडीत पेशींत साठलेलं सक्सिनेट हे रसायन हळूहळू जळून जातं. नाहीतर गरम रक्त येताच मायटोकॉन्ड्रिया (पेशींची ऊर्जाकेंद्रं) एकदम पेटतात आणि पेशींना इजा करणारे मुक्त कण सुटतात. २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत पित्तनलिका आकसण्याचा त्रास १८ वरून ६ टक्क्यांवर आला. मात्र ते दाते हृदय थांबलेले होते, आपल्याकडे बहुतेक मेंदूमृत असतात. तेव्हा तो आकडा जसाच्या तसा लावू नका.

३७ अंशांच्या मशीनमध्ये यकृत काम करताना दिसतं: दोन तासांत लॅक्टेट (निरोगी यकृत जे साफ करतं ते आम्ल) लिटरला २.५ मिलिमोलच्या खाली येतं का, पित्त येतं का. शंकास्पद अवयव पारखायला त्याला तोड नाही. पण लाल पेशी, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, इन्सुलिन आणि सतत माणूस लागतो. आणि पंप बंद पडला तर यकृत ३७ अंशांवर रक्ताविना. होप बंद पडलं तर ते पुन्हा बर्फात ठेवता येतं.

बॅकटेबल
एक राहिलं. गाडी टोलनाक्यावर असताना पुण्याला फोन करा, बॅक टेबलची तयारी तेव्हाच सुरू होऊ द्या. रुग्णाचं जुनं यकृत सुटायला वेळ लागतोय असं कळलं, तर पेटी आल्यावर आतल्या पिशव्या उघडू नका, बर्फ तेवढा बदला.